शाळेच्या माहितीपटात शिकवणं का दिसत नाही?

दहावीचा निकाल लागला की दुपारपासून मराठी वाहिन्यांवर एक ठरलेलं पॅकेज फिरू लागतं. दहा बाय दहाची खोली, पोटमाळा, शिलाई मशीनवर बसलेली आई, पहाटे पेपर टाकणारा मुलगा आणि नव्वदच्या पुढचे टक्के. रिपोर्टर विचारते, 'कसं वाटतंय?' आई पदराने डोळे पुसते. मुलाचा बाईट, आईचा बाईट, शेजाऱ्यांची गर्दी. कधीमधी शाळेच्या बाईही दिसतात, दोन-तीन सेकंद, त्याही पेढा भरवतानाच. या मुलाला बीजगणित कुणी शिकवलं, नववीत तो कुठे अडला होता, वर्गातल्या बाकीच्या पोरांचं काय झालं, यातलं काहीच त्या दीड मिनिटात येत नाही.

बातमीला तेवढाच वेळ असतो, हे मान्य. पण महिनोन्महिने चित्रीकरण करून केलेला तासाभराचा माहितीपट पाहिला तरी साचे फारसे बदलत नाहीत. शिक्षक एकतर देवमाणूस नाहीतर खलनायक. विद्यार्थी एकतर वांड नाहीतर बिचारा. माहितीपट करणारी माणसं आळशी असतात म्हणून असं होतं, असं मुळीच नाही. अडचण विषयातच आहे.

सातवीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज चालली आहे असं धरा. बाई छेद समान करायला सांगतात, फळ्यावर तीन उदाहरणं सोडवून दाखवतात, चौथं मुलांना देतात. ३५ मिनिटांत तास संपतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या डोक्यात ती गोष्ट बुधवारी बसली की शुक्रवारी, हे तिलाही सांगता येणार नाही. विरजण लावलेल्या भांड्याशी रात्रभर बसून राहिलात तरी दही होताना दिसत नाही, तसंच हे. कॅमेऱ्याला मात्र दिसणारं काहीतरी लागतं. उशिरा आलेला मुलगा दिसतो. बाहेर आलेला शर्ट, मधल्या सुट्टीतली मारामारी, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर रडत उभी असलेली मुलगी, स्नेहसंमेलन, निकाल, हे सगळं दिसतं. शाळेच्या दिवसात या गोष्टींचा वाटा लहान असतो, पडद्यावर मात्र जवळजवळ सगळी जागा त्याच व्यापतात. मग बघणाऱ्याच्या मनात शाळा म्हणजे शिस्तीची लढाई असं पक्कं होतं. या विषयातली बाकीची गुंतागुंत मला तरी इथूनच निघाल्यासारखी वाटते.

यावर एक उपाय असा मानला जातो की दिग्दर्शकाने काही बोलूच नये, फक्त बघावं. १९६८ साली फ्रेडरिक वाइजमन या अमेरिकी दिग्दर्शकाने फिलाडेल्फियातल्या नॉर्थईस्ट हायस्कूलवर 'हायस्कूल' हा माहितीपट केला तो असा. निवेदन नाही, कॅमेऱ्याकडे बघून दिलेली मुलाखत नाही, पडद्यावर नाव आणि हुद्दा सांगणारी पट्टीसुद्धा नाही. त्यात शिक्षा झालेला एक मुलगा म्हणतो की माझी चूक नव्हती. शिस्त सांभाळणारे सर त्याला समजावतात की चूक असो-नसो, मुकाट्याने शिक्षा घेणं हाच मर्दपणा. अखेर तो निषेध नोंदवून शिक्षा घ्यायला तयार होतो. शेवटच्या प्रसंगात मुख्याध्यापिका शिक्षकांसमोर एका माजी विद्यार्थ्याचं पत्र वाचतात. तो व्हिएतनाममध्ये सैनिक आहे आणि लिहितो की मी म्हणजे नेमून दिलेलं काम करणारं एक शरीर फक्त. बाई अभिमानाने सांगतात की असं पत्र येतं म्हणजे आपली शाळा यशस्वी आहे.

हे बघून अंगावर काटा येतो ना? पण वाइजमन यांनीच सांगितलेला एक किस्सा आहे. बॉस्टनच्या शालेय समितीतल्या एका बाईंनी हा माहितीपट पाहिला आणि त्यांना ती शाळा फार आवडली. अशा शाळा आपल्याकडे कशा आणता येतील, असं त्यांनी विचारलं. दृश्यं तीच, शब्द तेच. एकाला त्यात माणसाला साच्यात घालणारा कारखाना दिसतो, दुसऱ्याला छान शिस्त. निवेदन काढून टाकलं की दिग्दर्शकाचं मत लपतं, ते नाहीसं होत नाही. ते पत्र शेवटी ठेवायचं हे एडिट टेबलवर ठरलेलं असतं. तेच पत्र मध्यावर कुठेतरी आलं असतं तर शाळेतला एक प्रसंग म्हणून विरून गेलं असतं.

ब्रिटनमध्ये पुढे तंत्राच्या जोरावर हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न झाला. २०११ साली चॅनल फोरवर 'एज्युकेटिंग एसेक्स' ही मालिका आली. लंडनजवळच्या हार्लो गावातल्या शाळेत भिंतींवर आणि छताला ६५ कॅमेरे कायमचे बसवले होते. या पद्धतीला फिक्स्ड रिग म्हणतात. वर्गात कॅमेरामन नसतो, त्यामुळे दोन-चार दिवसांत पोरं कॅमेरा विसरतात. कॅमेरे चालवणारी मंडळी वेगळ्या खोलीत मॉनिटरसमोर बसतात आणि कुठला कॅमेरा कुणाकडे वळवायचा ते तिथून ठरवतात.

ऐकताना वाटतं, आता सगळंच टिपलं जाणार. पण कॅमेरे सगळीकडे असले तरी कपड्यांना लावलेला माइक मोजक्याच मुलांना आणि शिक्षकांना मिळतो. शाळेत दंगा करणारी, हजरजबाबी, घरी काही बिनसलेली मुलं आधीच हेरलेली असतात. माइक ज्याच्या शर्टाला, गोष्ट त्याची. वर्गात गप्प बसणारी, साठ टक्के मिळवणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली मुलगी ६५ कॅमेऱ्यांसमोर असूनही कुणालाच ऐकू येत नाही. आणि कुठल्याही शाळेत अशाच मुली-मुलांची संख्या जास्त असते. (आपल्याकडे ही रिग लावायची तर पहिली हार ध्वनिमुद्रकाची होईल. रेल्वेलाइनला लागून असलेली शाळा, चार पंखे, शेजारच्या वर्गात एका सुरात चाललेले पाढे. आपले शिक्षक या सगळ्यावर आवाज चढवून दिवसभर शिकवतात. घशाच्या या कष्टावर कुणी माहितीपट केलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.)

याच मालिकेच्या पुढच्या पर्वात, २०१३ च्या 'एज्युकेटिंग यॉर्कशर'मध्ये, मुशर्रफ नावाच्या मुलाची गोष्ट होती. तो अतिशय अडखळत बोलायचा आणि इंग्रजीची तोंडी परीक्षा समोर होती. बर्टन सरांनी त्याला कानात हेडफोन घालून, गाणं ऐकत बोलायला लावलं. तो बोलला. नंतर शाळेच्या सभेत उभा राहून बोलला, समोरची मुलं रडली, शिक्षक रडले, लाखो प्रेक्षकही रडले. प्रसंग खरा आहे आणि ते सर पुढे त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले. पण तो इतका प्रभावी का ठरला हे पाहिलं पाहिजे. तिथे शिकणं क्वचितच होतं तसं दृश्य झालं. आधी शब्द फुटत नव्हता, मग फुटला, आणि दोन्ही कॅमेऱ्यासमोर. असे क्षण वर्षातून एखाद-दुसरे येतात. टीव्हीवर मात्र दर आठवड्याला एक हवा असतो. मग अश्रूंची ही चव लागलेला प्रेक्षक आपल्या मुलाच्या बाईंकडेही त्याच अपेक्षेने बघतो, आणि बाई तर बिचाऱ्या व्याकरणातला संधी शिकवत असतात.

माहितीपटाची गोष्ट कधीकधी चित्रीकरणाच्या आधीच ठरलेली असते. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'सेव्हन अप'. १९६४ साली ग्रॅनडा टेलिव्हिजनने सात वर्षांची १४ ब्रिटिश मुलं निवडली, काही महागड्या खाजगी शाळांतली, काही कामगार वस्तीतली, काही अनाथाश्रमातली. म्हणणं असं होतं की मूल कुठल्या सामाजिक वर्गात जन्मलं यावर त्याचं आयुष्य ठरतं. दर सात वर्षांनी कॅमेरा त्यांच्याकडे परत गेला. २०१९ साली ती ६३ वर्षांची झाली तेव्हाही तो गेला. पहिल्या भागात संशोधक असलेले मायकल ॲप्टेड तोवरचे पुढचे सगळे भाग दिग्दर्शित करत राहिले.

या मालिकेने आपला स्वतःचाच सिद्धांत हळूहळू खिळखिळा केला, म्हणून ती मला मोलाची वाटते. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा अणुशास्त्रज्ञ होऊन अमेरिकेत गेला. लंडनच्या पूर्व भागातला टोनी एकवीस वर्षांचा असताना तो पुढे गुन्हेगारीकडे वळणार असं ॲप्टेड यांना वाटत होतं, म्हणून त्यांनी त्याला बदनाम वस्त्यांतून फिरवून तसं चित्रीकरणही करून ठेवलं, पुढे कामाला येईल म्हणून. टोनी टॅक्सी चालवू लागला, संसार थाटला, आणि ते चित्रीकरण ॲप्टेड यांच्याच अंगावर आलं. त्यांनी पुढे हे उघडपणे मान्य केलं. १४ मुलांत मुली फक्त ४ होत्या, याचीही खंत त्यांनी बोलून दाखवली. १९६४ साली बायकांना काही भविष्य असेल असं निवडणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या १४ जणांतला पीटर मोठेपणी शिक्षक झाला. २८ व्या वर्षीच्या भागात तो पंतप्रधान थॅचर यांच्या सरकारविरुद्ध बोलला. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर असा हल्ला चढवला की तो मालिकेतूनच बाहेर पडला आणि थेट ५६ व्या वर्षी परतला. सात वर्षांचा असताना त्याला कुणी विचारलं नव्हतं की आयुष्यभर तुझ्यावर कॅमेरा चालेल का. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

शिक्षकाला देवपण देणाऱ्या माहितीपटांत सगळ्यात गाजलेला म्हणजे निकोला फिलिबेर यांचा २००२ सालचा 'एत्र ए अव्वार'. मध्य फ्रान्समधल्या खेड्यातली एकशिक्षकी शाळा, चार ते अकरा वर्षांची मुलं, निवृत्तीला आलेले शांत आवाजाचे लोपेझ सर. चित्रपट अनपेक्षितपणे तुफान चालला. मग सरांनी कोर्टात जाऊन नफ्यात वाटा मागितला. त्यांचं म्हणणं असं की वर्ग माझा, शिकवणं माझं, म्हणजे निर्मितीत माझाही हिस्सा आहे. कोर्टाने दावा फेटाळला. लोकांना धक्का बसला, कारण पडद्यावरचा संत पैसे मागत होता. मला मात्र सरांचा प्रश्न चोख वाटतो. शिक्षकाने तीस-पस्तीस वर्षांत कमावलेली शिकवण्याची पद्धत हाच त्या माहितीपटाचा माल असेल, तर त्यात त्याचं काय? कोर्टाच्या मते काही नाही. एकदा माणसाला देव्हाऱ्यात बसवलं की त्याने पगार, सुट्टी, मोबदला यांबद्दल बोललेलं कुणाला रुचत नाही, हे आपल्याकडच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

वेळेची अडचण खरोखर गंभीरपणे घेतलेला एक जर्मन माहितीपट आहे, मारिया श्पेट यांचा २०२१ सालचा 'मिस्टर बाखमन अँड हिज क्लास'. स्थलांतरितांची मुलं, एक वयस्क सर आणि तब्बल २१७ मिनिटं. बर्लिन महोत्सवात त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला. तिथे मुलं कंटाळतात, तीच चूक पुन्हा करतात, जर्मन शब्द अडखळत शोधतात आणि कॅमेरा हलत नाही. दिसत नाही असं जे म्हटलं ते थोडंफार दिसायला लागतं, पण त्याची किंमत म्हणजे साडेतीन तासांहून जास्त वेळ. जाहिरातींच्या मधल्या फटीत बसणारी ही गोष्ट नव्हे.

आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे, आणि त्याचा बराचसा भाग मुंबईतच घडला. पेडर रोडवरची केंद्र सरकारची फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झाली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचे माहितीपट अनेक दशकं थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवावेच लागत. भारदस्त आवाजातलं निवेदन आणि राष्ट्र उभारणीच्या कामांत धरण, कारखान्याच्या रांगेत शाळा. मुलं रांगेत, शिक्षक फळ्यापाशी, बोलतोय मात्र तिसराच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोचवायचा प्रयोग झाला, १९८४ मध्ये पुण्यात शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था आली. म्हणजे आपल्या टीव्हीने शाळा दाखवण्याआधी स्वतःच शिक्षक व्हायचं मनावर घेतलं. त्या कार्यक्रमांत बाई थेट कॅमेऱ्याशी बोलतात आणि विद्यार्थी पडद्याच्या अलीकडे, घरात, अदृश्य. शाळा चालते कशी हे निवांत बघायची सवय आपल्या वाहिन्यांना लागलीच नाही. अभ्यासक-दिग्दर्शक डेव्हिड मॅकडुगल यांनी देहरादूनच्या दून स्कूल या निवासी शाळेवर पाच चित्रपटांची मालिका केली, तिची सुरुवात २००० सालच्या 'दून स्कूल क्रॉनिकल्स'ने झाली. गणवेश, पलंगांच्या रांगा, ताटं-वाट्या यांतून शाळा मुलाला कशी घडवते ते त्यात फार बारकाईने दिसतं. पण ती अभ्यासकाची नजर, टीव्हीची नव्हे.

मग आज मुंबईतल्या शाळेवरचा माहितीपट म्हणून तुम्हाला काय दिसतं? बहुतेक वेळा संस्थेची फिल्म. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. शिक्षण हा त्यातला लाडका विषय, आणि खर्च केला की अहवाल आला, अहवालासोबत फिल्म आली. चार-पाच मिनिटांची. पत्र्याच्या छपरांवरून ड्रोन, लोकलचा भोंगा, अनवाणी मुलगी, पियानो. मग टी-शर्ट घातलेला तरुण ताई किंवा दादा येतो, टॅब येतो आणि मुलगी कॅमेऱ्याकडे बघून सांगते की मला डॉक्टर व्हायचंय. शेवटी लोगो. या संस्थांचं काम खोटं असतं असं मी म्हणत नाही, काहींचं तर फारच चांगलं आहे. पण त्या फिल्ममध्ये महापालिकेच्या शाळेतल्या बाई कुठे असतात? बहुधा नसतातच. असल्याच तर पाठमोऱ्या, कपाटातून रजिस्टर काढताना.

खरं तर त्या रजिस्टरवरच एक चांगला माहितीपट होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देता येतात. ऐकायला थोडी वाटतात, पण बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदार यादी घेऊन चाळीचे जिने चढणाऱ्या बाईंना विचारा. शिवाय सरल आणि यू-डायस या सरकारी ऑनलाइन प्रणालींतल्या नोंदी, आधार जुळणी, खिचडीचा हिशोब. पालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजरातीपासून तमिळ, तेलुगू, कन्नडपर्यंत आठ भाषांत शाळा चालवते, एका इमारतीत कधी तीन माध्यमं नांदतात. हे सगळं खिळवून ठेवणारं आहे, पण ड्रोनला दिसत नाही.

मराठी शाळेवरची शोकफिल्म हा आणखी एक लाडका प्रकार. गंजलेली घंटा, रिकामा बाक, पांढऱ्या केसांचे मुख्याध्यापक, सनई किंवा बासरी. पट घटतोय हे खरंच आहे. पण मुलाला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आईला कुणी पाच मिनिटं नीट विचारत नाही, आणि ज्या मराठी शाळा आजही भरून वाहतात त्या या प्रकारात बसत नाहीत म्हणून वगळल्या जातात.

आता पुढचा माहितीपट बघाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष द्या. बोलतं कोण आणि दिसतं कोण? शिक्षकाची मुलाखत शांत खोलीत, नीट प्रकाशात, पूर्ण वाक्यांत घेतलेली असते. तो आवाज मुलाच्या चेहऱ्यावर चढवला जातो. सर म्हणतात, 'घरची परिस्थिती कठीण आहे,' आणि आपल्याला दिसतो खिडकीबाहेर बघणारा मुलगा. तो कदाचित कबुतर बघत असेल. जांभई देणाऱ्या मुलाचा शॉट गणिताच्या तासाला जोडलेला असतो, पण तो घेतलेला असतो सकाळच्या परिपाठाला. अशा शॉटला कटअवे म्हणतात. दोन वाक्यांमधला सांधा लपवायला तो लागतोच, प्रामाणिक दिग्दर्शकही वापरतो. फक्त त्या मुलाला भर वाहिनीवर आळशी ठरवायचा अधिकार त्यातून आपोआप मिळत नाही.

म्हणून संमतीचा प्रश्न. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या, गुन्ह्यात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. साध्या वर्गातल्या साध्या मुलाला हे कवच नाही. तिथे पालकाची सही चालते. मुख्याध्यापकांनी होकार दिलाय म्हटल्यावर पालक, विशेषतः पालिकेच्या शाळेतले, नाही म्हणायला कचरतात. शाळेशी वाकडं कशाला, असं वाटतं. शिक्षकांचंही तसंच. संस्थाचालकांसमोर नकार देणारी बाई क्वचित.

चित्रीकरणाची विचारणा आलीच तर मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी काही गोष्टी आधीच लेखी मागाव्यात. संमतीपत्र मराठीत, किंवा पालकांना वाचता येईल त्या भाषेत हवं. ज्या मुलांना कॅमेऱ्यात यायचं नाही त्यांच्यासाठी वर्गात वेगळी बाजू ठेवावी आणि तिकडे लेन्स वळू नये. प्रक्षेपणाआधी कच्चं एडिट दाखवणार का, दाखवलं तर मूल किंवा पालक कुठल्या तारखेपर्यंत माघार घेऊ शकतात, हे विचारावं. यूट्यूबवर तो व्हिडिओ किती वर्षं राहणार आणि मूल अठरा वर्षांचं झाल्यावर त्याने काढायला सांगितलं तर कुणाला फोन करायचा, हेही विचारावं. आणि माइक कुणाकुणाला लावणार, त्यांची यादी शूटिंगच्या आधी बघायला मागावी.